आतली लेन

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी मी स्टेडियमवर गेले ती फक्त हर्डल्स खोलीत ढकलायला. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार जुना ट्रॅक उखडणार होता. तिथे लाल सिंथेटिक येणार म्हणून सगळे खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू!

आमच्या जळगावच्या या मैदानावर पूर्वी बैलबाजार भरायचा. मग एका बाजूला दगडी गॅलरी झाली, तिच्यावर पत्रे आले, आणि धावायला दीपनगरच्या वीजकेंद्रातली राख ट्रक भरभरून आणून अंथरली. पावलाखाली ती करकर वाजते. इतकी वर्षं पोरींना इथं धावायला शिकवलंय मी, डोळे मिटूनही कोण पळतंय ते कळायचं. कामिनीचं तर लगेच, कारण ती उजवा पाय घासायची. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं मी तिला चिडवायचे आणि ती खिदळायची. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. तेव्हापासून ती म्हण मी तोंडाला लावलेली नाही.

गॅलरीत तिची आई बसली होती. फैजपूरच्या बेबाबाई, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. लेकीच्या प्रत्येक शर्यतीला त्या इथूनच ओरडायच्या, "पय!" तिकडे 'पळ'ला 'पय' म्हणतात. अख्खं मैदान हसायचं, पण कामिनी सुसाट सुटायची.

आज त्यांच्या पुढ्यात पाण्यानं भरलेली मातीची घागर होती, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. आखाजीला आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात, आणि गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. पण ती घरी.

"अक्का, घागर इथं कशाला आणली?"

"घरी कोनासाठी भरू, म्याडम? ती घरी नाहीच. इथंच पयते आहे."

"ऊन लागलंय तुम्हाला. चला, घोटभर पाणी घ्या."

"उद्या हे सगयं खोदतीन. मंग माही पोर कुठी जाईन? आज तिले बस, थांब म्हनते, अन् घरी नेते."

मी शेजारी बसले. भर दुपारचं ऊन, वारा पडलेला, तापलेल्या राखेला लेन आखायच्या पांढऱ्या फक्कीचा कोरडा वास. पत्र्याखालची कबुतरं घुमत होती, ती एकाएकी गप्प झाली.

पलीकडच्या वळणावर आवाज आला. कर्र… घस्स. कर्र… घस्स.

मैदानात कोणी नव्हतं. धूळसुद्धा उडत नव्हती. खोड गेली नव्हती…

"ऐकलं ना?…" अक्का कुजबुजल्या.

मी नुसती मान हलवली. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त रडू येत होतं. एकदा दिसू दे गं, एवढंच मनात होतं.

आवाज आतल्या लेनमधून सरळ आमच्याकडे येऊ लागला. अक्कांनी पदर खोचला, घागर कडेवर घेतली आणि फक्कीच्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणा अक्का, बस म्हणा… पावलं अगदी समोर आली. अक्कांनी तोंड उघडलं.

"पय! पय व माय, पय!"

इतक्या वर्षांची सवय. पावलं त्यांच्यासमोरून सुसाट निघून गेली.

अक्कांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. घागर पडून फुटली, राखेनं पाणी क्षणात पिऊन टाकलं. पोर तशीच तहानलेली गेली.

"काय बोलली व मी… माय, काय बोलली मी…"

मग आम्ही दोघी ऊर फुटेस्तोवर ओरडलो. थांब, कामिनी, बस, घरी चल. पण आवाज वळणापलीकडे विरला होता. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. तो परत आला नाही.

आता ट्रॅक लालभडक झालाय. पावलं वाजत नाहीत. जुनी राख ठेकेदारानं सगळीच्या सगळी गावाबाहेर नेऊन टाकली, मी स्वतः उभी राहून पाहिलं. अक्कांचा अधूनमधून फोन येतो.

"म्याडम, थांबली का व ती?"

"थांबली, अक्का. कधीच थांबली."

खोटं बोलते. मग झाडू घेते आणि पोरी यायच्या आत आतली लेन झाडून काढते. रबरावर काळ्या राखेचे ठसे उठलेले असतात. उजवा ठसा दर वेळी जरा लांबलेला.