जाळीघरातलं पान

दोन्ही हातांत बर्फाचा डबा होता, म्हणून तिनं प्रयोगशाळेचं दार कोपरानं ढकललं. नेमकं त्याच वेळी बाहेरून कुणीतरी ते ओढलं आणि निम्मा बर्फ त्याच्या बुटांवर सांडला.

"पावसात भिजायचे फक्त पायच राहिले होते," तो म्हणाला. "तेही झालं!"

तो गव्हाचं बियाणं पिकवणारा. हातातल्या पिशवीत तांबेरा पडलेली पानं होती. तांबेरा हा बुरशीचा रोग; त्याचे सगळे प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. ती बुरशीचा डीएनए काढून, त्याच्या पट्ट्या जुळवून ते ओळखायची.

"प्लास्टिकमध्ये पानं कुजतात. कागदात आणायची," ती शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाली.

त्यानं आणली. मग आणतच राहिला... आणि जिन्यात पाऊल वाजलं की तिचे कान टवकारू लागले.

"पिकापेक्षा पिकवणाऱ्यालाच लागण झालेली दिसते," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची.

"गप गं!"

एका दुपारी मात्र त्यानं आणलेल्या पानाच्या पट्ट्या पाहून ती दचकली. हा प्रकार तर बाहेर कुठेच नव्हता! प्रयोगासाठी तिनंच तो आवारातल्या जाळीघरात जोपासला होता. तो निसटून याच्या शेतात पोचला असेल तर? जाळीघर जाळावं लागणार, सगळी मेहनत मातीत. आणि याचं पीक... आपल्याच हातानं?

तो आला तेव्हा तिनं पट्ट्यांचं चित्र पुढे सरकवलं. "हे पान शेतात कुठे सापडलं? खरं सांगा. माझं सगळं काम पणाला लागलंय."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शेतात... नाही सापडलं."

"मग?"

"जाळीघरापाशी तुमची वाट बघत बसलो होतो. जाळीतून एक पान बाहेर डोकावत होतं. तोडलं, लिफाफ्यात घातलं, तुम्हाला दिलं. आवाराबाहेर नेलं नाही, शपथ!"

"अहो, पण का?"

"तुम्ही सांगितलेलं औषध लागू पडलं. तांबेरा गेला. मग यायचं तर... रिकाम्या हातानं कसं यायचं?"

म्हणजे बुरशी निसटलीच नव्हती. रागवावं की हसावं, तेच तिला कळेना.

"पट्ट्यांना कळेल असं नाही वाटलं?"

"मला वाटलं, तुम्हाला त्याआधीच कळेल."

ती खाली बघू लागली. मग पेन उचलून तिनं पट्ट्यांच्या चित्रावर फुली मारली.

"नमुना रद्द," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "यापुढे पान आणायचं नाही. यायचं तर रिकाम्या हातानंच यायचं."

"मग... उद्या येऊ?"

"उद्या कशाला?" असं म्हणत तिनं हातमोजे काढले.