निळ्या अंगरख्यावरचं भरतकाम

दोघी जावांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. थोरली मापं घ्यायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायची; धाकटी मान खाली घालून शिवायची. शहरात ठिकठिकाणाहून येऊन वसलेल्या लोकांच्या पारंपरिक पोशाखांचं प्रदर्शन नगरभवनात भरायचं ठरलं, तेव्हा लाकडी पुतळ्यांना कपडे चढवायचं काम या दोघींकडे आलं.

वरच्या मजल्यावरची लांबट खोली, उंच खिडक्या, वाफेच्या इस्त्रीचा दमट वास. घराघरांतून पोशाख येत होते आणि धाकटीचे डोळे निवत होते. डोंगराकडच्या लोकांचा लोकरीचा झगा इतका जड, की दोघींनी मिळून उचलावा. पण त्याच्या काठावरची लाल वेणी देठासारखी नाजूक. बेटावरच्या लोकांचा घागरा शिंपल्यांनी मढवलेला. तो हलवला की कुणीतरी हळूच हसल्यासारखा आवाज यायचा.

"आपण आयुष्यभर पॅन्टींना चेन लावत बसलो गं," थोरली म्हणाली. "आणि लोकांनी बघ काय काय करून ठेवलंय!"

निळा अंगरखा निघाला तो गठ्ठ्यांच्या अगदी तळाशी. नाव नाही, गाव नाही. कापड पाण्यासारखं गार. छातीवर दाट भरतकाम होतं. बाह्या, पाठ आणि घेर मात्र कोरे.

"हा कुठल्या लोकांचा?" धाकटीने देखरेखीच्या साहेबांना विचारलं.

"आला असेल कुणाकडून तरी," साहेब म्हणाले. "चढवा. छान आहे."

लोकरीच्या झग्याची मालकीणबाई दुसऱ्या दिवशी आली. आपल्या आईचा झगा नीट चढवलाय ना, ते तिला पाहायचं होतं. बघता बघता ती निळ्या अंगरख्यापाशी थबकली.

"अगंबाई, ही तर आमची वेणी!" तिने बाहीवरून बोट फिरवलं. "हा पीळ फक्त आमच्या घरात घालतात. माझ्या आईने मला शिकवला. कुणी घातला हो हा? किती सुरेख! आमच्याहून सुरेख."

धाकटी पुढे झाली. बाहीच्या टोकाला खरंच लाल वेणी होती. सकाळी इस्त्री फिरवताना ती दिसली नव्हती. पण एवढं बारीक काम नजरेतून निसटायचंच, असं तिने मनाला समजावलं.

मग घागऱ्याच्या आजीबाई आल्या. त्यांना अंगरख्याच्या घेरावर आपल्या बेटाची शिंपलेजडण सापडली. आजीबाईंनी ती गालाला लावली, डोळे पुसले, आणि काठी टेकत जिना उतरून गेल्या. संध्याकाळी धाकटीने घेर उलगडून पाहिला. शिंपले पार पाठीपर्यंत चढले होते. एकेक बसवलेला असा, की टाका शोधून सापडू नये. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला नजर काढवेना.

त्याच आठवड्यात मालकीणबाई लेकीला घेऊन पुन्हा आली. लेकीने तिला कौतुकाने लोकरीच्या झग्यासमोर नेलं. बाई काठावरची वेणी बराच वेळ निरखत राहिली. मग धाकटीकडे वळून अदबीने म्हणाली, "फारच सुंदर. कुठल्या लोकांचं हे?"

लेक हसली. "आई, चेष्टा काय करतेस?"

बाई उत्तराची वाट बघत धाकटीकडेच पाहत होती. लेकीचं हसू विरलं. आईचा हात धरून ती घाईघाईने निघून गेली.

"ताई," धाकटी म्हणाली, "हा निळा अंगरखा आपण काढून ठेवूया."

"का गं? अख्ख्या खोलीत बघण्यासारखा तोच तर आहे."

"म्हणूनच."

थोरलीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं बाई, काढ. मी खाली जाऊन खोकं आणते."

उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. धाकटीने गुंड्या सोडल्या, अंगरखा पुतळ्यावरून उतरवला आणि घडी घालायला उलटा केला.

अस्तरावर एक पाखरू होतं.

तिची आई या शहरात आली ती अंगावरच्या चोळीनिशी. ती चोळी कधीच विरून गेली. तिच्या लोकांचं म्हणून काही उरलं असेल, तर तो आईचा टाका होता. दुहेरी गाठीचा, डाव्या हाताने उलटा ओढलेला. तो घातला, की कापडावर पाखरू बसायचं. आई गेल्यावर धाकटीने तो कुठेच पाहिला नव्हता. तिच्या स्वतःच्या हातून काढलेलं पाखरू नेहमी जरा जड व्हायचं.

हे हलकं होतं. त्याच्या शेजारी दुसरं होतं. मग रांग. मग थवाच्या थवा.

हात लावायचा नाही, हे तिला कळत होतं.

"आई," ती म्हणाली, आणि हात लावला.

अस्तर ऊबदार होतं.

थोरली खोकं घेऊन आली, तेव्हा धाकटी जमिनीवर मांडी घालून बसली होती. अंगरखा मांडीवर पसरलेला, चेहरा उजळलेला.

"बघा तरी!" ती म्हणाली. "असं काम मी जन्मात पाहिलं नाही."

थोरली वाकली. "अगं, हे तुझं पाखरू. तुझ्या आईचं."

समोरच्याचं बोलणं कळलं नाही, की माणूस भिडेखातर हसतो, तशी धाकटी हसली. मग पुन्हा पाखरं न्याहाळू लागली. किती सुंदर होती ती. खोकं छातीशी धरून उभी असलेली ही बाई रडायला का लागली, ते तिला समजेना.