बंद पेटीतले शब्द

“माझ्या वडिलांच्या नावाने माझ्याशी दुसरंच कोणीतरी खेळतंय,” मनस्वी म्हणाली. “ते कोण, एवढंच मला शोधून द्या.”

शहापूरला एसटी स्टँडसमोरच्या माळ्यावर राही विशे खासगी तपासाची कामं घेत असे. गिऱ्हाईक कमी, डासच जास्त. तिचा मदतनीस आदेश मनाने सोन्यासारखा होता, डोक्याचं मात्र विचारू नये.

मनस्वी वाशिंदला कारखान्यात कामाला होती. नवरा नोकरीपायी गुजरातेत, त्यामुळे नव्या इमारतीतल्या खोलीत ती एकटीच. तिचे वडील, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक अनिल घुडे, मुरबाडपुढच्या वैशाखरे गावी एकटेच. तिने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा “दारात येऊ नकोस, फोन करू नकोस,” असं त्यांनी बजावलं होतं. पण वर्षभराने त्यांच्याकडून मोबाइलवरच्या एका खेळाचं आमंत्रण आलं. दोघांना तीच सात इंग्रजी अक्षरं मिळतात, त्यांतून जमतील ते शब्द करायचे. खुशाली नाही, बोलणं नाही.

“तेवढ्यावर माझा दिवस निघायचा,” ती म्हणाली.

“मग बिघडलं कुठे?” राहीने विचारलं.

“समजा ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी अक्षरं आली. बाबा ‘रेन’, ‘ट्रेन’, ‘रेस्ट’ करणार. अर्थ माहीत नसलेला शब्द वापरायचा नाही, हा त्यांचा वर्गातला नियम. म्हसा गावच्या जत्रेपासून मात्र ‘स्टिअरिन’सारखे शब्दकोशात शोधावे लागणारे शब्द येतात. त्यानंतर मध्यंतरी मी बरेच दिवस खेळले नाही. खेळात घंटी वाजवून दुसऱ्याला हाक मारता येते. ती एकदाही वाजली नाही. बाबा खेळत असते तर वाजवली असती.”

“का खेळला नाहीत?”

“तब्येत,” मनस्वी एवढंच म्हणाली.

तिचा संशय बाबांच्या शेजारी राहणाऱ्या चुलतभावावर, सुनिलवर होता. फोन त्याच्या हातात गेला असेल, तर बाबा कोणत्या अवस्थेत असतील?

“जत्रेच्या दिवसांतही शब्द येत होते?”

“रोज.”

ती गेल्यावर राहीने आदेशला तोच खेळ घ्यायला लावला आणि त्याच्याशी डाव मांडला. आदेश रोज हरू लागला.

पुढच्या रविवारी तिघं वैशाखऱ्याला निघाली. गाडी राही चालवत होती. मुरबाड मागे पडलं तेव्हा आदेश करवादला, “ताई, गाडी चालवताना तरी खेळू नकोस. हा बघ, आत्ता तुझा शब्द आला.”

राहीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ती नुसती हसली.

गुरुजींच्या घराजवळ मनस्वी गाडीतच बसून राहिली. सुनिल अंगणात जीप धूत होता.

“मी खेळतंय?” राहीने विचारल्यावर तो म्हणाला. “इंग्रजीत दोनदा उडालो मी. आन् काका फोनला हात लावू देत नाय कोणाला.”

गुरुजींची बहीण कमळ त्यांना डबा द्यायची. ती म्हणाली, “माणूस पार मिटून गेलाय गो. जत्रेला तेवढा आमच्याबरोबर आला. मागच्या साली तिथंच खिशातला मोबाइल मारला ना, म्हणून या वक्ती फोन बंद करून पेटीत ठेवला. किल्ली कमरेच्या करगोट्याला. आमी परत आलो तवाच पेटी उघडली.”

“घरी कोण होतं?”

“कोणी नाय. सगळी जत्रेत.”

गुरुजी ओट्यावर बसले होते. मनस्वीचं नाव ऐकून त्यांनी खिशातला फोन बाहेर काढला.

“तिचे शब्द रोज येतात,” ते म्हणाले. “जत्रेपासून एक दिवस चुकलेली नाही. पण शब्द तिचे नाहीत. बापाला टाळायला नवऱ्याला बसवलं असेल. मीही विचारलं नाही. विचारून अपमान कशाला करून घ्यायचा?”

आदेश राहीच्या कानाला लागला. “सुनिलच. त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार.”

राहीने मनस्वीला हाक मारली. ती आली, पण अंगणाच्या कडेलाच थांबली. गुरुजींनी मान खाली घातली.

“सुनिल जत्रेत होता, दुसऱ्या किल्लीचा उपयोग काय?” राही म्हणाली. “फोन बंद, पेटी बंद, घरात माणूस नाही. तरी शब्द आले. म्हणजे ते या फोनमधून आलेच नाहीत. आता दुसरी गोष्ट. सर म्हणतात, मुलगी एक दिवस चुकली नाही. मुलगी म्हणते, बरेच दिवस मी खेळलेच नाही. मला दोघंही खरं बोलताना दिसतात.”

तिने पिशवीतून आपला फोन काढून आदेशच्या हातात दिला. तो बंद होता.

“परवापासून बंद आहे. मग गाडीत तुला शब्द कोणी पाठवला?”

आदेशने फोन उलटून पाहिला, जणू मागे कोणी लपलं असावं.

“समोरचा माणूस येईनासा झाला की हा खेळ त्याच्या नावाने यंत्र बसवतो. आपण कंटाळून निघून जाऊ नये म्हणून. यंत्राला सगळे शब्द ठाऊक, अर्थाशी त्याला काय करायचंय? सर जत्रेला गेले आणि तुमचा डाव तुटला. तिच्यासमोर सरांच्या नावाचं यंत्र बसलं. सर परतले तेव्हा त्यांना तिच्या नावाचं मिळालं. यंत्र दिवस चुकवत नाही आणि घंटीही वाजवत नाही.”

“म्हणजे जत्रेपासून मी...” गुरुजींनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

“एकटेच खेळत होता, सर. तीही एकटीच.”

“मग गुन्हेगार कोण?” आदेशने विचारलं. इतका एकटेपणा आणि त्यात दोष द्यायला माणूसही सापडू नये, याचं राहीला वाईट वाटलं.

गुरुजींनी पहिल्यांदा मुलीकडे नीट पाहिलं. “बरेच दिवस खेळली नाहीस. का गो?”

“पोटातलं गेलं, बाबा,” मनस्वी म्हणाली. “दवाखान्यात होते.”

“उशाशी कोण होतं?”

“कोणी नाही. ह्यांना यायला उशीर झाला.”

गुरुजी ओट्यावरून उतरले, अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. तिच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

“घरात चल,” ते म्हणाले. “बाहेर उभी राहू नकोस.”