मंगळवारचा रिपोर्ट

नाकात काडी गेली की त्याचा उजवा डोळा डाव्याच्या आधी पाणवायचा. साधारण एका सेकंदाचा फरक. दिवसाला साठ-सत्तर नाकं तपासणाऱ्या बाईनं असलं काही लक्षात ठेवू नये. पण तिनं ठेवलं. तिसऱ्या मंगळवारी तर आपण त्याची वाट बघतोय हे तिला कळून चुकलं, आणि तोंडावर मास्क आहे ते बरंच, असं पहिल्यांदा वाटलं.

तो न्हावी होता. स्वतःचं छोटं दुकान होतं, आणि दर शुक्रवारी तो वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या मंडळींचे केस कापायचा. तिथंच त्याची आत्या राहायची. आईच्या माघारी त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला तिनंच वाढवलं होतं. आत जायचं तर त्याच आठवड्यातला कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागे. म्हणून मंगळवार.

"तुमचा-माझा धंदा एकच," तो चाचणी केंद्राच्या खिडकीतून म्हणाला होता. "समोरचा मान वर करून डोळे मिटतो, आणि आपण म्हणतो, हलू नका."

"मी रक्त काढत नाही."

"मीही नाही हो! एकदाच काढलं... तेही गिऱ्हाइकाची बायको मध्येच बोलली म्हणून."

पुढच्या खेपेला म्हणाला, "तुमचे केस मागून तिरपे कापलेत. मला बघवत नाही."

"मग बघू नका."

"प्रयत्न केला..."

असे पाच आठवडे गेले. मग एका गुरुवारी काम संपल्यावर नदीकाठी फिरायला जायचं ठरलं. ती सकाळपासून घड्याळ बघत होती. पाचला तो आला. ती अंगावरचा गाऊन उतरवून हात धूत होती.

"सकाळपासून घसा खवखवतोय," तो म्हणाला. "पुन्हा काडी घालता का?"

खिडकीच्या काचेवर तिच्याच अक्षरातली सूचना चिकटवलेली होती: नवीन लक्षण दिसल्यास आधीचा रिपोर्ट ग्राह्य धरू नये. पुन्हा चाचणी करावी. 'पुन्हा'खाली दोन रेघाही तिनंच ओढल्या होत्या. चाचणीला पंधरा मिनिटं लागली असती. पण पॉझिटिव्ह आली असती तर तो सात दिवस घरात कोंडला गेला असता. आणि मधल्या काचेशिवाय त्याच्याशेजारी चालायचं, एवढंच तर तिला हवं होतं.

"परवाच तर निगेटिव्ह आलात," ती हसून म्हणाली. "दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबड केल्यावर घसा दुसरं काय करणार?"

"नक्की ना? उद्या आत्याकडे जायचंय."

"नक्की."

नदीकाठी वारा होता. त्यानं मास्क काढला तेव्हा त्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याची जुनी खूण दिसली. न्हाव्याची स्वतःचीच! ती खो खो हसली. तो हळूच म्हणाला, "हे हसणं इतके दिवस झाकून ठेवलंत?" तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा अर्धा तास होता. आजही आहे, आणि हेच तिला सहन होत नाही.

शनिवारी त्याला ताप भरला. चाचणी पॉझिटिव्ह आली. पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमात चार जण आजारी पडले आणि बाराव्या दिवशी आत्या गेली. इकडे केंद्रात बसून तिनं स्वतःची चाचणी तीनदा केली. तिन्ही वेळा निगेटिव्ह.

आजार दुसऱ्या कुणाकडून आत गेला असेल, असं शास्त्र शिकलेल्या तिला स्वतःला समजावता आलं असतं. समजावून पाहिलंही. पटलं नाही.

त्यानं मात्र घरी सांगितलं, "घसा दुखत होता, मीच अंगावर काढलं." तिचं नाव त्यानं ओठांवर येऊ दिलं नाही. एकांतात ती विषय काढायची, तर म्हणायचा, "घसा माझा होता ना? मग पुरे." आणि लग्नाचं विचारून झाल्यावर दर भेटीत चिडवायचा, "तुझ्या उत्तरापेक्षा लॅबचे रिपोर्ट लवकर येतात गं."

आठ महिन्यांनी ती त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीच्या घरी गेली.

बहिणीनं चहा दिला. तिला निरखून पाहिलं. "पोरगी गोड आहे. पण आमच्या या शहाण्याचा पराक्रम ठाऊक आहे ना तुला? घसा धरलेला असताना आत्याचे केस विंचरत बसला. एक चाचणी करवली नाही याच्यानं! जिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिच्याशी हा असा वागला... आठ महिन्यांत आज पहिल्यांदा याला उंबऱ्याच्या आत घेतलंय. तेसुद्धा तुझ्यासाठी."

तो कपात बघत होता. "ताई, चहा गार होतोय," एवढंच म्हणाला. मग मान न उचलता तिच्याकडे एक नजर टाकली—नको, सांगू नकोस, अशी.

आता एकदा 'हो, ठाऊक आहे' म्हटलं की झालं. मग हे ओझं तो जन्मभर वाहील, थट्टा करत करत, आणि ती शेजारी बसून चहा पीत राहील.

तिनं कप खाली ठेवला.

"ताई, त्यानं माझ्याकडे चाचणी मागितली होती," ती म्हणाली. "मला त्याच्याबरोबर फिरायला जायचं होतं, म्हणून मी केली नाही."