व्हायकिंगांची होडी

अंधारात पहिल्यांदा कोपर लागलं तेव्हा राजेश्वरीनं मनावर घेतलं नाही. फिल्म क्लबच्या खुर्च्या अगदी चिकटून मांडलेल्या, लागायचंच. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा तिनं अंग चोरलं. तिसऱ्यांदा मात्र तिनं सरळ मान वळवून पाहिलं.

शेजारचा तरुण पडद्याकडे टक लावून बसला होता. पडद्यावर धुकं, करडा समुद्र, एक लांबडी होडी, आणि तिच्यात हजार वर्षांपूर्वीचे व्हायकिंग योद्धे मुकाट वल्ही मारत होते. त्यांच्याबरोबर हाही वल्हवत होता. मुठी आवळलेल्या, खांदे पुढे-मागे... आणि प्रत्येक हिसक्याला कोपर हिच्या दंडावर.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांचे ते पोचतील. मला कशाला ढकलताय?"

तो दचकला. "सॉरी... हात आपोआपच चालाय लागलं."

"चालू द्या. पण पलीकडच्या बाजूनं."

"पलीकडं भिंत हाय."

राजेश्वरीला हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून दोघांना गप्प केलं.

सांगलीत रविवारी सकाळी परदेशी सिनेमा बघायला येणारी माणसं आधीच थोडी. त्यात या सिनेमात कुणी बोलेना, आणि तलवारीला तलवार भिडली ती एकदाच, तीही धुक्यात. मध्यंतरात निम्मं सभागृह मिसळ खायला गेलं ते परतलंच नाही. त्या रांगेत उरली ही दोघंच.

त्याचं नाव धैर्यशील. सांगलवाडीला नदीकाठी त्याचा फायबरच्या होड्या बनवायचा कारखाना होता, आणि कृष्णेवरच्या शर्यतींत तो स्वतः वल्हं धरायचा. पोस्टरवर होडी दिसली म्हणून तो आत शिरला होता. राजेश्वरी कडेगावची, सुभेदारांची लेक. सांगलीजवळच्या सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होती.

"जनावरांची डॉक्टर? म्हंजे लाथा खायची सवय हाय तुमाला."

"म्हणून तर कोपरं सोसली."

सिनेमा संपला तेव्हा योद्धे एका ओसाड किनाऱ्याला लागले होते आणि त्यांच्या म्होरक्यानं होडी पेटवून दिली होती. राजेश्वरीचे डोळे भरून आले. धैर्यशील बाहेर आला तो चिडूनच.

"एवढी देखणी होडी! जाळायची कशाला?"

"त्यांना मागं फिरायचंच नव्हतं," ती चहाचा कप हातात घेत म्हणाली. "किती ठामपणा आहे त्यात."

"पर घरी कुणी असंलच की वाट बघणारं. आन् मी म्हणतो, सगळा जलम एका होडीत बसल्यात, एकानं तरी मनातलं बोलावं का न्हाई?"

"तुम्ही असता तर बोलला असता?"

"मी? पयल्या वल्ह्यालाच."

पण तसं झालं नाही. तो दर महिन्याला क्लबात येऊ लागला. रशियन सिनेमा, इराणी सिनेमा, जे असेल ते बघायचा आणि बाहेर टपरीवर तिच्याशी तावातावानं वाद घालायचा. तीही गावोगावची जनावरं तपासून परतताना कारखान्यावरून गाडी घालायची... रस्ता लांबचा पडत असूनही. तो हातमोजे काढून तिला नवी होडी दाखवायचा, ती कडेवरून हात फिरवायची. मग ती जरा वाट बघायची. तो म्हणायचा, "चहा सांगू का?"

श्रावणातल्या एका संध्याकाळी भुरभुर सुरू होती. ती कारखान्याच्या दारातच उभी राहिली, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत.

"धैर्यशील, पहिल्या वल्ह्याला बोलणार होता तुम्ही. शर्यत संपत आली."

तो उगाच होडीची कड पुसत राहिला. मग भिंतीकडे बोट करून म्हणाला, "ती रेघ बघितलीस? खिडकीच्या वर... पुराचं पाणी तितवर आलं हुतं. घराचंबी तसंच. दोनदा समदं वाहून गेलं. अशा घरात या म्हणून कुणाला कसं म्हणायचं?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तिच्या आलं.

"रेघ मी कधीच बघितली," ती म्हणाली. "तरी येतेच आहे की. तू विचार तर."

त्यानं विचारलं. नीट, तिच्या डोळ्यांत बघून, एकही शब्द न गिळता. तिनं हो म्हणायला क्षणही लावला नाही. "आप्पांना मात्र मीच सांगणार," ती म्हणाली आणि गाडीला किक मारली.

तिचे वडील, सुभेदार मानसिंग, फोनवर सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "पाण्याच्या तोंडाला पोरगी द्यायची न्हाई."

"बघायच्या आधीच?"

"बरं. आयतवारी मी साताऱ्याला हाय, जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला. तिथं आण त्याला."

त्याच रविवारी साताऱ्यात एका महोत्सवात तोच व्हायकिंगांचा सिनेमा लागणार होता, आणि या दोघांनी तिकिटं आधीच काढली होती. राजेश्वरीनं तिसरं काढलं.

आप्पा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले आणि न विचारता दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले. मध्यंतराचे दिवे लागेपर्यंत ते पडद्याकडे बघत होते, की डोळ्यांच्या कोपऱ्यातून पोराकडे, ते कळायला मार्ग नव्हता. धैर्यशीलनं हात मांडीखाली दाबून धरले होते.

"तुझ्या घरात पाणी येतं," आप्पा सरळच म्हणाले.

"व्हय. दोनदा आलं."

"परत आलं तर?"

"येणारच. न्हाई कशाला म्हणू? वरचा मजला बांधून घेतलाय. होडी कायम दारात असती. पाणी चढाय लागलं की आदी हिला होडीत..."

"आधी मला नाही," राजेश्वरी मध्येच म्हणाली. "आधी गल्लीतली जनावरं. दावी सोडून ती उंचावर घालवल्याशिवाय मी हलणार नाही. होडी घेऊन त्यानं यायचं."

आप्पांनी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आन् तू काय म्हणतोस?"

"ती थांबली तर मीबी थांबणार. तिचं काम हाय त्ये." तो जरा अडखळला, पण नजर खाली गेली नाही. "पर शेवटच्या फेरीला तिनं बसायचं. तितं मातर माझं ऐकायचं."

"ऐकेन," राजेश्वरी म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती काही कबूल करते हे आप्पांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

आप्पा रिकाम्या पडद्याकडे वळले. "हिच्या आजोबांनी, म्हंजी माझ्या सासऱ्यांनी, मला इचारलं हुतं, फौजेत हायस, गोळी लागली तर? मी म्हणलं, लागत नसती. पोरगी मिळावी म्हणून धडधडीत खोटं बोललो." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तू तसं बोलला न्हाईस."

दिवे मालवले. पडद्यावर पुन्हा धुकं आलं. आप्पा उठले.

"जरा सरक गं. मला त्या कडंच्या खुर्चीवर बसू दे. हितनं नीट दिसंना."

मधल्या खुर्चीवरून पडदा अगदी समोर होता. तिघांनाही ते माहीत होतं. राजेश्वरी सरकली. धैर्यशीलचा दंड तिच्या दंडाला लागला आणि या वेळी तिनं अंग चोरलं नाही. तिनं त्याचा हात शोधला, बोटांत बोटं अडकवली. त्याच्या तळव्याला घट्टे होते.

पलीकडून आप्पा वाकले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "जावईबापू, ह्ये धुकं जरा इरळंल का कवा?"