ठोकळ्यांवरची गाडी

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या गॅरेजमध्ये यावं आणि मीटरवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. मला कोणाला घाबरवायची हौस नाही. मला राग आलाय, आणि तो कुठेतरी ओकल्याशिवाय झोप लागत नाही.

दिवस मंगळवार. वेळ दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन. पडकी विहीर, अमावस्या, घुबड, असलं काहीही नव्हतं. आमचं साधं तळमजल्याचं घर, पुढे तीन खोल्या, मागे गॅरेज.

आणि गॅरेजमध्ये बाबांची गाडी. कन्व्हर्टिबल. टप मागे दुमडला की डोक्यावर थेट आकाश.

बाबा गाड्यांच्या सीट आणि कापडी टप शिवायचे. ही गाडी त्यांना भंगारात सापडली. सीट, टप, रंग, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. आणि मग जपली का? छे! रोज पिदडली. तिच्यातून सिमेंटची पोती आणली. प्लंबरला त्याच्या अवजारांसकट आणलं. एकदा शिडी आणली, ती सुद्धा उभी, आणि वर म्हणाले, बघा, बंद गाडीत हे जमलं असतं का. लोक सांगायचे, अहो, एवढी देखणी गाडी, जरा जपा. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. वापरली की टिकते, झाकली की कुजते.

रोज चारला ते दुकान अर्ध्यावर टाकून घरी यायचे. गेटबाहेर दोनदा हॉर्न. आई डोक्याला रुमाल बांधून निघायची. बेकरी, पोस्टाचा चौक, कालव्याचा पूल आणि परत. बरोबर अकरा किलोमीटर. आईचा सगळा दिवस घरात जायचा, तेवढी पंचवीस मिनिटं तिची होती.

बाबा गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात दादाने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली.

माझा हा थोरला भाऊ संग्रहालयात कामाला आहे. जुनी भांडी, जुने कागद हातमोजे घालून जपणं हा त्याचा धंदा. धंद्याला मी नावं ठेवत नाही. पण घरी आल्यावर तरी माणसाने हातमोजे काढावेत. त्याने चारही चाकं काढून स्वतःच्या घरी नेली. बॅटरी काढली. टाकीतलं पेट्रोल काढलं. गाडीवर पांढरं कव्हर घातलं. गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. एवढ्यावर थांबला असता तर तो दादा कसला? संग्रहालयातली एक पाटी आणून त्याने बंपरवर टांगली.

‘कृपया स्पर्श करू नये.’

आमच्या बाबांच्या गाडीवर!

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. सकाळ-संध्याकाळ परक्या माणसांना क्लच कसा सोडायचा ते सांगायचं, आणि आपल्या घरच्या गाडीकडे लांबून बघायचं. तरी मी गप्प बसले. थोरला भाऊ, म्हटलं, जाऊ दे.

मग आईच्या डोळ्यांचं निघालं. तिची नजर कडेकडेने मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, वर्ष संपेपर्यंत जेमतेम उजेड-अंधार कळेल.

आईने रडारड केली नाही. रविवारी दादा गाडी पुसायला आला तेव्हा त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. दिसतंय तोवर एकदा त्या गाडीतून पुलापर्यंत ने, म्हणाली.

दादाने तिला कारणं ऐकवली. उन्हाने जुनं चामडं तडकतं. टप आता दुमडला तर शिवणीवर फाटेल. माझ्या गाडीतून नेतो, तिच्यात एसी आहे.

"तिच्यात वारा कुठे असतो रे?" आई म्हणाली.

तो कव्हर नीट करत राहिला. मी त्याला तोंडावर विचारलं की आईला जपायचं की पत्र्याला. त्यावर म्हणाला, भावनेने वस्तू टिकत नाहीत. त्या दिवशी माझा हात उठायचा तेवढा बाकी होता.

आणि दोन दिवसांनी तो मंगळवार आला.

दुपारी आई तिच्या खोलीत आडवी झाली होती. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. घर शांत होतं. जरा जास्तच शांत... रस्त्यावरची वर्दळ, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, काहीच ऐकू येईना. कानात बोळे घातल्यासारखं.

मग गेटबाहेर...

दोनदा हॉर्न.

मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

पंचवीस मिनिटांनी आवाज परत आले. सगळे एकदम. मी आईच्या खोलीत गेले. ती नुकतीच उठून बसली होती. चेहरा लाल झालेला, अंबाडा सुटलेला, केसांचा नुसता गुंता. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता.

मी तिचे केस विंचरायला घेतले तर फणीत धूळ आली.

"पुलाचा कठडा हिरवा केलाय गं," आई म्हणाली. "ह्यांना नाही आवडला."

मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंना गाडी शिकवताना मुद्दाम पुलावर नेलं...

कठडा हिरवागार होता. ‘रंग ओला आहे’ असा कागद लावलेला होता.

बाई पुढच्या चौकापर्यंत मला विचारत होत्या, मॅडम, माझं काही चुकलं का?

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. दादाने चाकं नेली, पेट्रोल नेलं, किल्ली नेली, आणि बाबांनी त्याच्या नाकावर टिच्चून आईला फिरवून आणलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज तेच. चारला ती शांतता, दोनदा हॉर्न, आणि पंचवीस मिनिटांनी आई फणी शोधत बसलेली. मी दादाला अवाक्षर सांगितलं नाही. घे म्हटलं, जप आता.

रविवारी त्याने कव्हर काढलं आणि मीटर पाहिला. त्याच्या वहीत आकडा लिहिलेला होता. असल्या गोष्टी तो लिहून ठेवतोच.

पंचावन्न किलोमीटर जास्त.

तो माझ्या अंगावर आला तो असा, की शेजारी गॅलरीत जमले. म्हणे मी दुसरी किल्ली करून घेतली, मी मीटरशी खेळले, मी बाबांच्या आठवणीची माती केली. मी विचारलं, चाकं तुझ्या घरात आहेत ना, मग मी गाडी काय डोक्यावर घेऊन फिरले? तो ऐकेना. त्याने नवं कुलूप आणलं. मग मी म्हटलं, एवढा संशय आहे तर गुरुवारी रजा काढ आणि स्वतः आत बस.

तो बसला. गुरुवारी चारला दादा गॅरेजमध्ये, आतून कडी लावून. मी आईच्या उशाशी, तिचा हात धरून. ती झोपली होती.

चार वाजून दहा मिनिटं.

आवाज गेले...

हॉर्न वाजला. एकदा. दोनदा.

आईचा हात माझ्या हातातच होता. श्वास चालू होता. पण हात गार पडत गेला. मग तिच्या कपाळावरची एक बट मागे उडाली. मग दुसरी. मग सगळे केस मागे. माझ्या अंगाला वाऱ्याची झुळूकही लागली नाही.

मधेच आई हसली. झोपेत, तोंड उघडून, मोठ्याने. बाबा गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आवाज परत आल्यावर मी गॅरेजकडे धावले. दादा दार उघडून पायरीवर बसला होता. हातमोजे काढून हातात धरलेले.

तो म्हणाला, कव्हर सपाट झालं. खाली गाडी नसावी तसं जमिनीला टेकलं. आणि पंचवीस मिनिटांनी परत फुगलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई हसली. इथे. माझ्यासमोर."

एवढं पाहून माणूस विरघळला असता. चाकं आणून बसवली असती, आईला जागेपणी, उघड्या डोळ्यांनी पुलावर नेलं असतं. दादा घाबरला, आणि घाबरल्यावर तो जे करतो तेच त्याने केलं. गाडी संग्रहालयाच्या गोदामात हलवायची ठरवली. सोमवारी ट्रक येणार, असा मला निरोप पाठवला.

इकडे आईने एक नवीनच सुरू केलं होतं. शुक्रवारी आडवं व्हायच्या आधी तिने डोक्याला रुमाल बांधला, माझ्याकडे वळली आणि विचारलं, येऊ का?

आपल्यात घरातून निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणतात. आणि ‘येऊ का’ असं विचारलं की ‘ये’ म्हणायचं, म्हणजे गेलेलं माणूस परत येतं. हे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. मी ‘ये’ म्हटलं. आई गेली. आई आली.

शनिवारी चारला मी दादाशी फोनवर भांडत होते. ट्रक आला तर चाकाखाली झोपेन, म्हणाले. तो म्हणाला, तुला अक्कल नाही. मी म्हटलं, तुझी सगळी संग्रहालयात ठेवलीस का? दोघेही किंचाळत होतो. आई दारात आली. रुमाल बांधलेला होता. काहीतरी विचारलं तिने. मी हाताने तिला थांब अशी खूण केली. तिने परत विचारलं.

"अगं, येऊ का?"

मी मान वळवली नाही. फोनवर हात ठेवला आणि म्हटलं,

"जा गं, जा."

आई आत गेली. मी आणखी बराच वेळ भांडले. आवाज कधी गेले, हॉर्न कधी वाजला, मला कळलंच नाही. मी स्वतःच इतकी ओरडत होते.

पाच वाजता लक्षात आलं... तिने फणी मागितली नव्हती.

डॉक्टरांनी लिहिलं की झोपेत हृदय थांबलं. तसंच असेल. केस मागे उडालेले होते आणि चेहरा लाल होता. मी तिला हलवून हलवून ‘ये’ म्हणत होते. दादा आला, त्याने मला धरलं. मी आईला काय बोलले होते ते त्याला अजून माहीत नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

ट्रक दादाने परत पाठवला. दिवस झाल्यावर आम्ही दोघांनी कव्हर काढलं. गाडी ठोकळ्यांवर होती. ना चाकं, ना बॅटरी. मीटरच्या शेवटच्या खिडकीतला आकडा मात्र हळूहळू सरकत होता. सातचा आठ. आठचा नऊ.

तो थांबलेला नाही. आता चारची वेळ उरली नाही, अकरा किलोमीटर उरले नाहीत. दिवसा फिरतो, रात्री फिरतो. पूल केव्हाच मागे पडला असेल.

मला राग कोणाचा येतो ते सांगते. दादाचा येतो, त्याने रविवारी तिला एकदा नेलं असतं तर तिला असं जावं लागलं नसतं. बाबांचा येतो. त्यांना तिला रोज परत आणून सोडता येत होतं, मग माझा एक शब्द चुकल्यावर आणता आलं नाही? आणि माझा येतो. तो सगळ्यात जास्त.

दादाने पाटी काढून टाकलीय. परवा तो चारही चाकं घेऊन आला आणि भिंतीला टेकवून ठेवली. बॅटरीही आणली. म्हणाला, बसवू, टप उघडू, त्या रस्त्याने जाऊ, कुठेतरी भेटतील. त्याचे डोळे सुजले होते. माझा हा भाऊ उघड्या हातांनी ते चाक उचलत होता.

मी त्याला अडवलं. गाडी इथून हलवायची नाही, म्हटलं. ती दोघं परत आली आणि जागेवर गाडी नसली तर उतरतील कुठे? मी त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

"तूच म्हणायचीस ना," दादा म्हणाला, "की गाडी चालवायला असते?"

आमचं परत जुंपलं. मी त्याच्याकडून गाडीची चावी हिसकावली. बाबा गेल्यापासून ती त्याच्या कपाटात होती. तासभर प्रवास करून, नुसत्या पाकिटात घालून त्याने आणली होती...

चावी गरम होती.

नुकतीच कोणीतरी गाडीतून काढल्यासारखी. मी ती मुठीत धरून उभी राहिले. दादा विचारत राहिला, काय झालं, बोल ना. मी त्याला सांगितलं नाही. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे, आणि अजून गार झालेली नाही.