टेकू

सोलापुरातल्या त्या इस्त्रीखान्यात एकही स्टूल नव्हतं. हवंच कशाला? बरगड्यांपासून घोट्यापर्यंत प्रत्येक बाईला टेकू चढवलेला. कंपनीनं त्याचं नाव ‘ऊर्ध्ववस्त्र’ ठेवलं होतं, पण बायकांच्या तोंडी टेकूच. टेबलापाशी गुडघे डगमगले की कापड घट्ट व्हायचं आणि माणूस उभंच्या उभं राहायचं. खुर्ची आता फक्त पुढाऱ्यांच्या भांडणात उरली होती. टेकूचं बक्कल कामाची पाळी संपल्याशिवाय सुटायचं नाही.

चंद्रकला पार शिणली होती. पण आज तिचा जीव शेजारच्या टेबलावरच्या नरसव्वापाशी अडकला होता. सकाळपासून नरसव्वा छाती चोळत होती, घामानं निथळत होती. “घरी जा की गं,” म्हटलं तर म्हणाली, “खाडा पडला की जागा जाती.” सुपरवायझरला सांगितलं, तर तो लांबूनच बघून म्हणाला, “उभी आहे ना? मग बरी आहे.”

टेकू शोधून काढणाऱ्या डॉक्टर होनराव त्या दिवशी पाहणीला आल्या होत्या. त्या जवळून जायला लागल्या तशी चंद्रकलानं त्यांना अडवलंच.

“मॅडम, तिचा टेकू जरा सैल करा की. बसू दे बिचारीला.”

“माझ्या हातात नाही हो ते.” होनरावांचे डोळेही जागरणानं सुजलेले. “आत पाण्यात कालवलेले कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येकावर विजेचा भार, आणि भोवती उलट्या भाराचं वलय. पाणी जास्त असलं की ज्याचं वलय त्याच्यापाशी. पण कण दाटीनं भरले की एकाचं वलय दुसऱ्यात घुसतं. मग एकट्याला हलता येत नाही. वीज सोडली की सगळे रांगा धरतात आणि घट्ट होतात.”

“पिठल्याचा दगडच की! अन् वीज किती सोडायची, ते कोण ठरवतं?”

“घाम. जितका घाम जास्त, तितकी वीज जास्त.”

“अगं बाई! म्हणजे जो दमला त्यालाच जखडायचं? अन् घाम नसला तर?”

“तर टेकूला वाटतं, माणूस ताजंतवानं आहे. मग तो मऊ पडतो.” होनराव ओशाळल्या. “थकलेल्याला आधार मिळावा, एवढंच मनात होतं माझ्या.”

त्या पुढं गेल्या. चंद्रकलानं कोरडा टॉवेल उचलला आणि हात लांबवून नरसव्वाची मान पुसली, पाठ पुसली. आपला पंखासुद्धा तिच्याकडे वळवला. मग तिच्याच अंगाला घामाच्या धारा लागल्या आणि तिचा टेकू करकचला. असू दे म्हणाली.

दुपार कलता कलता नरसव्वाचा टेकू मऊ पडला. आधी गुडघे, मग कंबर. ती हळूहळू खाली गेली आणि टेबलाच्या पायाला टेकून बसली.

“बसली की गं! नशीब काढलं!” पलीकडून कुणीतरी म्हणालं. साऱ्याजणींना तिचा हेवा वाटला.

चंद्रकला हरखून गेली. “कसं वाटालंय गं? झोपलीस व्हय? झोप, झोप. तुझ्या कपड्यांना मी इस्त्री मारते.” तिनं नरसव्वाचा गठ्ठाही आपल्याकडे ओढला.

परतीच्या वाटेवर होनराव थबकल्या. खाली वाकून त्यांनी नरसव्वाचं मनगट धरलं.

“हिचा घाम कधी थांबला?”

“मी पुसला की!” चंद्रकला ऐटीत म्हणाली.

होनरावांनी मनगट बराच वेळ सोडलं नाही. मग वर बघून नकारार्थी मान हलवली.

“बक्कल सोडा हो माझं!” चंद्रकला ओरडली. तिला खाली बसून नरसव्वाचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं. होनराव बक्कलाशी झटत राहिल्या, पण ते सुटेना. चंद्रकलाला दरदरून घाम फुटला आणि टेकूनं तिला ताठ उभं केलं.

आरडाओरडा ऐकून सुपरवायझरनं लांबूनच मान वर केली. चंद्रकला उभी होती. तो परत आपल्या कामाला लागला.